माई उजेडात चालतात

आमच्या भुईगावच्या गल्लीतल्या बायका चालायला लागल्यापासून कुणाचं वजन किती उतरलं, ते खात्रीने सांगता येणार नाही. किस्से मात्र चांगलेच साठलेत. मी लग्न होऊन या घरात आले त्याला अजून वर्षही झालेलं नाही. बोलते कमी, त्यामुळे माझ्यासमोर सगळ्या मोकळेपणाने बोलतात. चूक त्यांची आहे.

सुरुवात सासूबाईंपासून करते. त्यांना अख्खी गल्ली माई म्हणते. शुगर वाढलेली, गुडघे कुरकुरणारे. डॉक्टरांनी बजावलं, "रोज रस्त्यावर झपझप चाला, नाहीतर इन्सुलिन सुरू करावं लागेल."

माई घरी येऊन म्हणाल्या, "आधी थोडी बारीक होते, मग जाईन चालायला."

मला थट्टा वाटली. खरं काय ते माझ्या नवऱ्याने, निखिलने सांगितलं. कुठल्याशा लग्नात माई बसायला गेल्या, तेव्हा कुणीतरी ओरडलं होतं, "अरे, माईंना दोन खुर्च्या द्या रे." सगळा मांडव हसला. माईही हसल्या. तेव्हापासून त्या फक्त घरामागच्या वाडीत चालायच्या, केळींच्या आड. येताना एखादं पिकलेलं केळं खाऊन यायच्या.

"वाडीत कोण बघतंय?" म्हणायच्या. हे चालण्याबद्दल की केळ्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

*

शेवटी सुईच्या भीतीने माई रस्त्यावर यायला तयार झाल्या, पण उजाडायच्या आत. तोंडाला मास्क, डोक्यावरून ओढणी, वर निखिलची टोपी. मला सोबत घेतलं, पण ताकीद दिली, "हाक मारू नकोस. कुणाला कळायला नको."

समोरच्या रोझीबाई, रिटायर झालेल्या शिक्षिका, दारातच उभ्या होत्या. "गुड मॉर्निंग, माई."

माई जागीच थबकल्या. "कसं ओळखलंस?"

"हा गाउन कितीतरी वर्षं माझ्या खिडकीसमोर वाळतोय."

*

रोझीबाई दुसऱ्या दिवसापासून आमच्यात आल्या. त्यांची मुलगी कॅनडात असते. तिचा व्हिडिओ कॉल संपला की रोझीबाईंना भूक लागायची, आणि ती केकशिवाय भागायची नाही. "फोन ठेवला की घर एकदम गप्प होतं गं," त्या एकदा म्हणाल्या.

त्यावर माईंचा उपाय, "मग घरात बोलतेसच कशाला? चालता चालता बोल."

आता मुलीला रोज आईची हनुवटी आणि माडांचे शेंडे दिसतात. परवा ती वैतागली, "मम्मी, चेहरा तरी दाखव."

रोझीबाई धापा टाकत म्हणाल्या, "चेहरा रविवारी. रविवारी सुट्टी असते."

*

पलीकडच्या माडीवरच्या सुनीताकाकूंचं वेगळंच. त्यांचं काकांशी वाजलं की त्या फरसाणचं पाकीट फोडायच्या. पाकिटाच्या आकारावरून गल्लीला भांडणाचा अंदाज यायचा. माईंनी त्यांनाही ओढलं, "राग आला की खाऊ नकोस, सरळ चालायला ये."

हे इतकं अंगवळणी पडलं की राग आल्याशिवाय काकूंचे पायच उचलेनात. एका सकाळी आम्ही त्यांना बोलवायला गेलो, तर आतून आवाज आला, "अहो, काहीतरी बोला ना. बायका खाली येऊन उभ्या आहेत."

*

मग माझाही नंबर लागला. नव्या सुनेला कुणाच्याच घरी नको म्हणता येत नाही, त्यामुळे लग्नातला ब्लाउज काही महिन्यांतच चढेना. शेजारी हळदीकुंकवाला जायचं होतं. मी डोकं दुखतंय म्हणून खोलीत बसून राहिले.

माई आत आल्या. पलंगावर पडलेला ब्लाउज बघितला, मग माझ्याकडे.

"डोकं दंडात दुखतंय का?"

त्या शेजारी बसून ब्लाउजची शिवण उसवायला लागल्या. मान वर न करता म्हणाल्या, "आत्तापासून लपायला लागलीस पोरी, तर माझ्या वयापर्यंत वाडी पुरायची नाही."

दुसऱ्या दिवशी त्या उजाडेपर्यंत उठल्याच नाहीत. चहा झाला, पेपर झाला, गल्लीत दूधवाले, शाळेच्या रिक्षा, सगळी वर्दळ सुरू झाली. तेव्हा चपला घालून म्हणाल्या, "चल." मास्क खिळ्यालाच होता.

*

महिला मंडळाने महिला दिनाला किनाऱ्यावर खेळ ठेवले होते. पन्नाशीच्या पुढच्या बायकांच्या शर्यतीत माईंनी नाव दिलं. मला सांगितलंही नाही.

सुनीताकाकू पहिल्या आल्या, रिबीन त्यांच्या पोटाला लागून खाली पडली, टाळ्या झाल्या. बाकीच्याही पोचल्या, सरबत प्यायला लागल्या. माई अजून वाळूत, एकट्या, गुडघा सांभाळत येत होत्या. सहलीला आलेले लोकही उभे राहून बघायला लागले. आता कुणीतरी काहीतरी बोलणार, आणि माई उद्यापासून परत केळींच्या आड.

रेषेच्या अलीकडे माई थांबल्या. "रिबीन कुठाय?"

मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "माई, ती पहिल्या नंबराला असते. तुम्ही या अशाच."

"अशीच नाही येत."

"अहो, बक्षीस समारंभ खोळंबलाय."

"असू दे. मला घाई नाही."

शेवटी वाळूतली रिबीन उचलून झटकली. एक टोक अध्यक्षबाईंनी धरलं, दुसरं सुनीताकाकूंनी. माईंनी ओढणी कमरेला बांधली. मग पाठ फिरवून चांगलं लांब मागे चालत गेल्या, वळल्या, आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"सगळे बघताय ना?"