दोन चाळीसच्या आत

बाबांनी खामगावहून एक प्लॅस्टिकचं स्टॉपवॉच आणलं होतं. मी नववी-दहावीत असताना आठशे मीटर पळायची आणि वेळ तेच लावायचे. पिंपळगाव राजाच्या बाहेर आमच्या शेताचा रस्ता. विहिरीपासून कडुनिंबापर्यंत दोनशे मीटर, जाऊन-येऊन दोन चकरा. संपलं की मी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकायची आणि विचारायची, "बाबा, किती?"

"दोन शेहेचाळीस. आखीन जोर लाव."

मी मान वर करेस्तोवर घड्याळ शून्यावर आणि बाबांच्या खिशात.

शाळेतल्या सरांनी तोंडावर सांगितलं होतं, दोन चाळीसच्या आत येत असशील तरच जिल्ह्याच्या चाचणीला जा, नाहीतर बुलडाण्यापर्यंत हसं करून घेऊ नको. मी हट्टी. नाही म्हटलं की करून दाखवायचंच. वर्षभर मला दुसरं काही सुचलं नाही. भाकरी थापतानाही तोंडात दोन चाळीस. पण बाबांचा आकडा त्रेचाळीसच्या खाली येईना. एकदा तर मी त्या घड्याळालाच शिव्या घातल्या, मेल्या, एक्केचाळीस तरी दाखव!

चाचणीच्या सकाळी बाबांनी मोटरसायकल काढली. मी गोधडी डोक्यावरून ओढली.

"येत नाही मी."

"काऊन?"

"तीन सेकंद कमी पडतात. लोकांना तमाशा दाखवू का?"

ते दारात उभे राहिले. खिशातलं घड्याळ चाचपलं. मग एवढंच म्हणाले, "चाल त खरं, बाई. तिथं होऊन जाते कवाकवा."

"नाही म्हणजे नाही."

त्यांनी गाडी परत आत लावली. त्यानंतर मी पळाले नाही. बारावी झाली, लग्न झालं, चिखलीला नांदायला गेले. टीव्हीवर पोरी पळताना दिसल्या की चॅनल बदलायची. आपल्यात दमच नव्हता, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

गेल्या दिवाळीला माहेरी होते. म्हशीची धार काढून गोठ्यातून येत होते, तेवढ्यात शेजारच्या काकांनी बाबांना विचारलं, "म्हैस किती देते हो?"

"सहा लिटर."

काका गेल्यावर मला हसू आलं. "बाबा, चांगली आठ देते की! खोटं काऊन सांगता?"

"खरं सांगत असतेत काय? नजर लागते, आटून जाते मंग. तुयं बी मी सहा सेकंद वाढवूनच सांगो."

अगदी सहज बोलून गेले. मी दुधाची बरणी खाली ठेवली.

"मलापण खोटं सांगितलं?"

"मायबापाची नजर सगळ्यात वंगाळ राह्यते, बाई. अन् तू साऱ्या शाळेत सांगत फिरली असती."

"मग त्या सकाळी तरी सांगायचं!"

"ऐन पळाच्या दिवशी कसं सांगू? तिथंच पाय मोडला असता त? मले वाटलं, तू जिद्दीची हायेस, जाशीनच."

मी नको नको ते बोलले. वैऱ्यानं केलं नसतं ते तुम्ही केलं, असंही म्हणाले. ते खाली मान घालून म्हशीच्या दाव्याची गाठ सोडत होते, परत बांधत होते. बोलून बोलून मी थकले. मग विचारलं, "सगळ्यात कमी किती आलं होतं?"

आठवायला त्यांना क्षणभरही लागला नाही. फक्त आधी फाटकाकडं बघितलं, कोणी ऐकत नाही ना. मग आवाज खाली आणून म्हणाले, "दोन सदतीस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीले. चिखल होता, तू चपला फेकून पळाली होतीस."

मी भिंतीला टेकून रडले. दोन बाळंतपणं झालेली, जिना चढताना धाप लागणारी बाई मी. आता माझ्या कशाला नजर लागणार होती, बाबा?