जाऊबाईंचा डावा कान

घरात हे कुणाला ठाऊक नाही. आमच्या ह्यांनाही नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही पोलादपूरकडचे नाही, म्हणूनच कदाचित तोंड उघडतंय.

माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणजे बाईसारखी बाई. दोघींचे नवरे मुंबईला. घर, शेत, सासूबाई, सगळं त्यांच्याच अंगावर. मी आरोग्यखात्याची आशाताई, औषधांची पिशवी घेऊन वाड्या-वाड्या फिरणार. तर माझ्या वाटणीची लावणीही त्याच ओढायच्या. वर म्हणायच्या, "तू जा गो, लोकांची कामं हायत." असं कोण म्हणतं हो आपल्या जावेला?

दोन वर्षांमागे त्यांच्या डाव्या कानाला खाज सुटली. माचिसच्या काडीने कोरायच्या, केसातल्या पिनेने कोरायच्या. मग आत रातकिडा शिरल्यासारखं सारखं किर्र व्हायला लागलं. "जरा बघ ना गो," म्हणाल्या. आता — कानात काही घालू नका, दवाखान्यात जा, हे वाडीला कोण सांगत फिरतं? मीच ना? पण महाडला न्यायचं म्हणजे माझा अख्खा दिवस मोडणार. मला कंटाळा आला. होय, कंटाळाच. लसूण टाकून खोबरेल कढवलं, आमच्याकडे सगळ्याच घालतात तसं. आधी मनगटावर थेंब टाकून बघायचा असतो. तो मी बघितला नाही — सरळ ओतलं.

त्या ओरडल्या नाहीत. चटईची कड घट्ट धरून नुसत्या बसून राहिल्या.

चौथ्या दिवशी कान वाहायला लागला, तेव्हा महाडला नेलं. डॉक्टर खवळले. पडद्याला भोक, आत भाजलेलं. "तेल कुणी ओतलं?" मी शेजारीच — अंगावर आशाताईची साडी, मांडीवर पिशवी. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मीच घातलं, डाक्टर. अडाणी माणूस मी."

इथे तरी गप्प बसावं की नाही? मी म्हणाले — सांगतानाही लाज वाटते — "किती वेळा सांगितलं यांना, डॉक्टर. ऐकतच नाहीत."

डावा कान गेला. किर्र तेवढं राहिलं, रात्रंदिवस. पण त्यावरून त्या मला एका शब्दाने टोचून बोलल्या नाहीत. भांडणातही नाही, आणि आम्ही भांडतो बरं का, भरपूर. एवढ्या मोठ्या मनाचं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्यांच्या पायाच्या धुळीचीही माझी लायकी नाही.

आता दर महिन्याला आमच्या अंगणात बायकांची बैठक भरते. कानाचा विषय निघाला की जाऊबाई आपणहून उठतात. "बायांनो, कानात तेल नका घालू गो. मी घातलं नि बहिरी झाले. आमच्या हिचं ऐकायला पायजे होतं."

बाया माझ्याकडे मानाने बघतात. मी मान डोलावते — आणि वहीत हजेरी लिहीत राहते.