सातवा मजला, पाचूबंदर

पाचूबंदरच्या धक्क्यावर बोटींना नावं असतात ती संतांची, आयांची, नाहीतर लेकींची. सॅन्टन आणि बेसिल या दोघा भावांच्या बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, मात्र कित्येक वर्षं निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'सातवा मजला'. अर्नाळ्याच्या कोळ्यांना वाटायचं, या भावांनी विरारला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला असणार आणि त्या खुशीत हे नाव दिलं असणार. सॅन्टनने तो समज कधी खोडून काढला नाही. हे एका रॉक बँडचं नाव आहे असं सांगितलं असतं, तर रॉक बँड म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असती.

विरारमध्ये काम बंद पडलेली एक इमारत होती. भिंती उभ्या राहिल्याच नव्हत्या, त्यामुळे तक्रार करायला शेजारीही नव्हते. वॉचमनच्या खोलीतून वायर वर ओढून कॉलेजची चार मुलं तिच्या सातव्या मजल्यावर सराव करायची. त्यातूनच बँडला नाव मिळालं. सॅन्टनने त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते पापडीला, चर्चच्या मैदानात. नाताळचा कार्यक्रम होता आणि तो जेवण करणाऱ्याकडे हलवे मासे पोचवायला गेला होता. रिकामा क्रेट हातात घेऊन तो निघाला, आणि गाणं संपेपर्यंत तसाच उभा राहिला.

त्या गाण्याचं नाव 'मीठ'. ते मध्येच थांबायचं. गिटार, बेस, ड्रम, सगळं एकदम. ड्रमवरचा नेल्सन दोन्ही काठ्या डोक्यावर धरून तसाच राहायचा. नवखी माणसं हमखास तिथे टाळ्या वाजवायची आणि मग ओशाळून गप्प व्हायची. सॅन्टनने पहिल्या दिवशीही टाळी वाजवली नाही. ती शांतता त्याच्या ओळखीची होती. खोल पाण्यात इंजिन बंद केलं, की जाळं सोडण्याआधी बोटीवर जी उतरते, तीच. मग गाणाऱ्या प्रियलचा आवाज यायचा, सोबत कुठलंच वाद्य नाही, जरा घोगरा, रात्रभर कुणाशी तरी बोलून बसल्यासारखा. आणि त्यानंतर नेल्सनच्या काठ्या खाली यायच्या.

पुढे ठाणे असो, पुणे असो, सॅन्टन जायचा. स्टेजच्या डाव्या बाजूला, साऊंडच्या खोक्यापाशी हाताची घडी घालून उभा राहायचा. पोरं नाचायची, तो हलायचा नाही. सोबत सुक्या बोंबलांची पिशवी असायची, ती कार्यक्रम संपल्यावर बँडला द्यायची. लुसी म्हणायची, "लोक हार घेऊन जातात, माझा नवरा बोंबील घेऊन जातो." बायकोचं हे बोलणं तो ऐकून घ्यायचा, कारण पिशवी तीच भरून द्यायची.

जुलै सरत आला होता. मासेमारीची बंदी उठायला थोडेच दिवस होते. धक्क्यावर ओढून ठेवलेल्या बोटीवरचं नारळाच्या झापांचं आच्छादन सॅन्टन काढत होता, तेव्हा खिशातला फोन वाजला. बँडने लिहिलं होतं, 'आम्ही थांबतोय. कुणाचं कुणाशी भांडण नाही. इतकी वर्षं ऐकलंत, आभार.'

त्याने ते वाचलं, फोन खिशात ठेवला आणि उरलेले झाप काढले. मग पत्र्याची पट्टी घेऊन तळाला चिकटलेले शिंपले खरवडायला बसला. संध्याकाळी जेवला. आपल्याला आता काहीतरी होईल म्हणून तो वाट बघत राहिला. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम 'मीठ' लावलं. शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावावा तसं ते वाजलं आणि संपलं. मधली शांतता आली, तेव्हा त्याला बाहेर कोंबड्या ऐकू आल्या.

"कोन मेलं काय?" लुसीने विचारलं.

"नाय."

"मग भातात पानी ओतून का बसलास?"

त्याने ताटात बघितलं. कालवण म्हणून त्याने तांब्या ओतला होता.

मार्चमध्ये त्याची आई, मार्था, गेली तेव्हा असं नव्हतं. चर्चची घंटा वाजली, माणसं आली, रोज संध्याकाळी घरात प्रार्थना झाली, कुणी पेज आणली, कुणी खुर्च्या. सॅन्टन सगळ्यांदेखत रडला आणि कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला. काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं. बँड थांबला तर घंटा वाजत नाही.

त्याच आठवड्यात बेसिल रंगाचे डबे घेऊन आला. तो थोरला, बोट चालवणारा तांडेल. डबे खाली ठेवून म्हणाला, "यंदा नाव बदलू. आईचं टाकू."

सॅन्टनने एका डब्याचं झाकण उघडून रंग बघितला.

"तुजी ती पोरं पन बंद झाली, असं लुसी म्हनते. मग आता कोनासाठी ठेवायचं? आईने मरेपर्यंत एकदा विचारलं नाय, माझं नाव का नाय बोटीवर म्हनून."

सॅन्टनलाही आईचं नाव हवंच होतं. फक्त त्याच फळीवर दुसरं नाव होतं, आणि बोटीला नावाची फळी एकच. अक्षरं रंगवायची ती त्यानेच. घरात हात त्याचाच चांगला होता. सगळी बोट रंगली तरी नावाची जागा त्याने तशीच ठेवली. बेसिल येता-जाता बघायचा आणि पुढे जायचा.

एका सकाळी सॅन्टन मोटरसायकल काढून पापडीला नेल्सनकडे गेला. का जातो आहोत, ते त्याने स्वतःला नीट सांगितलं नव्हतं. नाव राहू द्या, एवढं त्या मुलाने म्हणावं, म्हणजे भावाशी बोलायला काहीतरी हाताशी येईल, इतकंच त्याच्या मनात होतं. नेल्सन ओटीवर बसून ड्रम जुन्या चादरींत गुंडाळत होता. आता तो मुलगा राहिला नव्हता, कानांवरचे केस पिकायला लागले होते.

"सॅन्टनअंकल, या. प्रियल बंगलोरला शिफ्ट होतेय. मला पण घर आहे, पोरगी आहे. कुठवर ओढणार?"

"बरोबर हाय. भाऊ म्हनतो, बोटीचं नाव पन बदलू, आईचं टाकू."

"बोटीचं नाव बदला हां तुम्ही बिनधास्त. आम्हाला काही वाटणार नाही. उलट, ती पाटी बघून आम्हालाच कधीकधी टेन्शन यायचं."

सॅन्टनने मान हलवली. बोंबलांची पिशवी त्याने ओटीवर ठेवली. नेल्सन चादरीला गाठ मारत होता. वर न बघता त्याने विचारलं, "अंकल, खरं सांगा. आम्ही चांगलं वाजवायचो का?"

इतकी वर्षं ऐकलेलं सगळं सॅन्टनच्या तोंडाशी यायला हवं होतं. शोधून शोधून एकच वाक्य सापडलं.

"मीठमधे तू थांबायचास, ते चांगलं होतं."

"लोक तिथेच टाळ्या ठोकायचे."

"मी नाय वाजवली कधी."

"माहितेय. म्हणून तर प्रियल तुमच्या हातांकडे बघून उभी राहायची. म्हणायची, ते हात हलले नाहीत म्हणजे आपण अजून थांबू शकतो." नेल्सन हसला आणि पिशवी उचलून आत गेला. "चहा टाकतो, थांबा."

सॅन्टन चहा पिऊन परत आला. त्याच दुपारी त्याने नावाच्या फळीवर पांढरा हात मारला, वाळू दिला, पुन्हा मारला. जुन्या निळ्या रंगाचे थर जाड होते. पांढऱ्याखालूनही अक्षरांचे उंचवटे बोटांना लागत होते. त्यांच्यावरून त्याने लाल रंगात लिहिलं, 'मार्था'. रेघ कुठेही हलली नाही. बेसिल येऊन मागे उभा राहिला. तो म्हणाला, "झकास काढलंस." सॅन्टनने ब्रश केरोसिनमध्ये बुडवला आणि केस वेगळे होईपर्यंत धूत राहिला.

फादर आले, प्रार्थना झाली, नाळेवर पवित्र पाणी शिंपडलं. "आईचं नाव ठेवलंत, छान," फादर म्हणाले. लुसीने पाटीला झेंडूची माळ घातली आणि हळूच नवऱ्याकडे बघितलं. तो दोर गुंडाळत होता.

पहिल्या फेरीला उजाडता उजाडता किनारा मागे पडला. अर्नाळ्याचा रमेश नेहमीसारखा त्याच सुमाराला वायरलेसवर आला. कुठे काय लागतंय हे सगळ्यांना विचारायचं आणि आपलं सांगायचं नाही, अशी त्याची ख्याती होती.

"सातवा मजला, सातवा मजला. कुठं हाव? बोला."

बेसिलने माईक उचलला. "मार्था बोलते. मार्था."

"कोन मार्था? बाई, तुम्ही जरा लाईन सोडा. सातवा मजला, सातवा मजला."

खलाशी हसायला लागले. बेसिलचा चेहरा लाल झाला. "अरे रमेश, मी बेसिल. नाव बदललं आमचं. मार्था नाव हाय आता."

क्षणभर नुसती खरखर आली. मग रमेशने अगदी काळजीने विचारलं, "का रे? फ्लॅट विकला काय?"

बेसिलने माईककडे बघितलं, मग भावाकडे. आपण तांडेल आहोत, आणि समुद्रावर हाक मारल्यावर आपली बोट सापडली पाहिजे, एवढं त्याला कळत होतं. त्याने माईक सॅन्टनच्या हातात दिला. "घे. तूच बोल. मना नाय जमायचं."

इंजिन आत्ताच बंद केलं होतं. पाणी बोटीच्या कुशीला हळू लागत होतं. माईक तोंडासमोर धरून सॅन्टन थांबला. बटण दाबलं नाही. त्या थांबण्यात 'मीठ'मधलं काही येतं का ते त्याने बघितलं. काहीच आलं नाही, पण हात स्थिर होते. खलाशी हसायचे थांबले.

मग त्याने बटण दाबलं.

"नाय विकला," तो म्हणाला. "सातवा मजला बोलतोय. बोल, रमेश."