थोडं वर धरलेलं पान

आम्ही पेठला राहायला आलो तेव्हा प्यारीबाई आधी घरमालकीण म्हणून कळल्या आणि आठवडा व्हायच्या आत पत्त्यांतल्या गुरू म्हणून. खाली त्यांचं किराणा दुकान, वर आमच्या दोन खोल्या. माझे यजमान अवसरी खुर्दच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतात. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपार मोकळी असते. दुकानाच्या मागं पत्र्याची पडवी आहे. तिथं धान्य निवडायला साळुबाई येते. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की प्यारीबाई पडवीत येऊन पोतं अंथरायच्या आणि साळुबाईला म्हणायच्या, ‘वरच्या बाईंना हाळी दे.’

आम्ही पाच-तीन-दोन खेळायचो. खेळ तिघांचा. एकानं पाच हात करायचे, दुसऱ्यानं तीन, तिसऱ्यानं दोन. ज्याचे हात कमी पडले त्यानं पुढच्या डावात आपली पानं पाठमोरी धरायची. ज्याचे जास्त झाले त्यानं त्यातलं एक न बघता ओढायचं आणि आपल्याकडचं नको असलेलं पान बदल्यात द्यायचं. सगळी मजा त्या देण्यात असते. मी सुरुवातीला बावळटासारखी दुरी-तिरी देत असे. बावळट अशासाठी की पाच-तीन-दोनमध्ये दुऱ्या-तिऱ्या काढूनच टाकलेल्या असतात. पण मला ते पहिले दोन दिवस कळलंच नव्हतं आणि मी अख्खा कॅट वाटत होते. साळुबाई त्यावर अजून हसते.

प्यारीबाईंनी मला शिकवलं की सगळ्यात लहान पान द्यायचं नसतं, एकटं पडलेलं द्यायचं असतं. किल्वरचं एकच पान हातात असेल तर ते देऊन टाकायचं, मग किल्वरची उतारी झाली की हुकूम मारता येतो. समोरच्यानं कोणतं पान ठेवलं आणि कोणतं दिलं यावरून त्या त्याची बाकीची पानं ओळखायच्या. सत्तरी ओलांडलेली ही बाई, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी, डाव जिंकला की साळुबाईला म्हणायची, ‘तुझी मान तांदूळ निवडायलाच खाली असती का गं? जरा पानं बी बघ की.’

साळुबाईही ऐकून घ्यायची नाही. ‘शेठाणी, तुमच्या डोक्यात कॅट अन् आमच्या डोक्यात खडं. देवानंच वाटून दिलंय.’

एक गोष्ट मात्र मला खटकायची. प्यारीबाईंवर आपलं पान ओढू द्यायची पाळी क्वचित यायची, पण आली की त्या पानं हातात धरत नसत. पोत्यावर पालथी मांडायच्या, हात मांडीखाली घ्यायच्या आणि दुकानाच्या दारातून रस्त्याकडे बघत बसायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, आमची तशीच पद्धत. साळुबाईनं मला डोळ्यानं गप्प केलं.

त्यांना दोन मुलगे. धाकटा संयम, तो दुकान बघतो. थोरल्याचं नाव सगळे पिंटूशेठ असंच घेतात. तो पुण्याला असतो आणि प्यारीबाईंना काकी म्हणतो, कारण चार वर्षांचा असताना तो थोरल्या दिराला दत्तक गेला. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. धरमचंदशेठनी, म्हणजे प्यारीबाईंच्या यजमानांनी, भावाला शब्द दिला होता. त्यांच्या जैन मारवाडी घरांत ही रीत जुनी आहे, कुणी त्यात वावगं मानत नाही. पिंटूशेठ रोज सकाळी दुकान उघडायच्या वेळेला फोन करायचा. ‘काकी, काय चाललंय’, एवढंच, पण रोज.

तो स्वतःच्या दत्तकाची गोष्ट हसत हसत सांगायचा. कोणाला द्यायचं ते ठरेना, तेव्हा दोन पत्ते पाठमोरे धरले होते. बदामचा राजा म्हणजे पिंटू, चौकटचा राजा म्हणजे संयम. मोठ्या आईनं, म्हणजे पुण्याच्या थोरल्या जाऊबाईंनी, बदाम ओढला. ‘आमचं पान लागलं हो,’ असं म्हणून तो स्वतःच्या पाठीवर थाप मारून घ्यायचा. मोठं घर, चांगली शाळा, स्वतःचा धंदा, सगळं त्या एका पानाच्या खात्यावर. मला ती गोष्ट फार आवडायची. आवडण्याला कारण होतं. ते पुढे येईल.

गेल्या थंडीत पुण्याची थोरली जाऊ वारली. त्यानंतर प्यारीबाईंचा खेळ बिघडला. हुकूम विसरायच्या, नको ते पान ठेवून घ्यायच्या. पावसाळ्यात त्यांचं पर्युषण जवळ आलं तसं त्यांनी नियम घेतला, चार महिने पत्ते बंद. पत्ते डब्यात ठेवताना पडवीत आम्ही दोघीच होतो. तेव्हा त्यांनी सांगितलं.

पानं त्यांनीच धरली होती. धरमचंदशेठ म्हणाले होते, तू आई आहेस, तूच ठरव कोणता द्यायचा. सगळ्या घरासमोर एका पोराचं नाव घ्यायला जीभ उचलेना. म्हणून पत्त्यांचं त्यांनीच सुचवलं. सगळ्यांना बरं वाटलं, नशिबावर सोडलं म्हणून. पण ज्याला पत्ते धरता येतात त्याला कोणतं पान ओढलं जाईल हेही ठरवता येतं. एक पान नखभर वर धरायचं. खेळणारा माणूस असेल तर तो संशयानं दुसरं घेतो. थोरल्या जाऊबाई कधी पत्त्यांना शिवल्याही नव्हत्या, त्या पाप मानायच्या. असा माणूस हाताला आधी लागेल तेच घेतो.

‘बदाम वर धरला मी,’ प्यारीबाई म्हणाल्या. ‘संयमला दमा व्हता. रातभर छातीवर घेऊन बसायला लागायचं. दुसऱ्याच्या घरात जगला नसता. पिंटू लठ्ठ, बोलका, कुणाच्या बी कडंवर जायचा. जो माझ्याबिगर राहील तो दिला. पन राहतो का, हे त्याला इचारलं न्हाई. अन् वर त्याला नशिबाचं नाव सांगितलं.’

मग त्या संवत्सरीबद्दल बोलल्या. पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी उपास आणि प्रतिक्रमण, म्हणजे झालेल्या चुका आठवायचा विधी, झाल्यावर सगळे एकमेकांची क्षमा मागतात आणि एकमेकांना क्षमा करतात. पिंटूशेठ दुसऱ्या दिवशी सकाळी, पारण्याच्या वेळेला, मुद्दाम पुण्याहून येतो. हात जोडून म्हणतो, मिच्छामि दुक्कडम. त्याही म्हणतात. इतकी वर्षं म्हणत आल्या. तो मनापासून म्हणतो आणि आपण कशाबद्दल म्हणतो ते त्याला ठाऊकच नाही, याचं त्यांना आता ओझं झालं होतं. विचारायला माणूस उरला नव्हता. दीर नाहीत, यजमान नाहीत, आता जाऊही नाही. ‘सांगितलं तर तो यायचा बंद व्हईल,’ त्या म्हणाल्या. ‘न्हाई सांगितलं तर मी तशीच जाईन. तुमी शिकलेल्या, सांगा.’

मी क्षणभरही थांबले नाही. म्हणाले, ‘सांगून टाका मावशी. त्याचा हक्क आहे तो.’

वाक्य चांगलं होतं. वर्गात मी अशी वाक्यं रोज बोलते. पण ते मी प्यारीबाईंसाठी बोलले नव्हते. आमच्या घरात तेव्हा माझ्या मुलाला, शौर्यला, पुण्याला माझ्या भावाकडे शिकायला ठेवायचं चाललं होतं. त्याची बहीण आरती लहान आहे, ती माझ्याशिवाय झोपत नाही. शौर्य समजूतदार, कुठंही रुळतो. इथं उसाच्या कडेनं शाळेची वाट, बिबट्याची भीती, संध्याकाळ झाली की मी गॅलरीत उभी. तो पुण्याला सुरक्षित राहील असं मी यजमानांना पटवत होते. आणि असा ‘रुळणारा’ मुलगा मोठा झाल्यावर आईला काय म्हणतो, ते मला ऐकायचं होतं. दुसऱ्याच्या घरातून.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारण्यासाठी दूध घेऊन खाली गेले. कोणी बोलावलं नव्हतं. पिंटूशेठ पडवीत पाटावर बसला होता. पन्नाशीचा, गोरा, हसरा माणूस. घरात ते मारवाडी बोलतात, मला बघून मराठीवर आले. त्यानं नुकतेच हात जोडले होते, प्यारीबाईंनीही जोडले होते. मी दूध ठेवून निघाले तर प्यारीबाईंनी माझा हात धरला, म्हणून थांबले.

‘पिंटू, दरवर्षी मी म्हणते. कशाबद्दल ते तू इचारत न्हाईस.’

तो हसला. ‘असं विचारतात का काकी? कळत-नकळत जे झालं असेल त्याचं.’

‘नकळत न्हाई. कळून.’

आणि त्यांनी सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून थोडक्यात. दम्याचं सांगितलं नाही, ते सांगितलं असतं तर बाजू सावरल्यासारखं झालं असतं. फक्त पान वर धरलं एवढंच सांगितलं, आणि जाऊबाईंना पत्ते येत नव्हते हे माहीत होतं, तेही. बोलताना त्यांचा उजवा हात मांडीखाली होता.

पिंटूशेठच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. काय करावं न कळून ते तसंच राहिलं. त्यानं विचारलं, मोठ्या आईला माहीत होतं का. त्या म्हणाल्या, नाही. काकांना? ‘वहीम असंल. कधी बोलले न्हाईत.’

पुढे संयम गिऱ्हाईकाला गूळ फोडून देत होता. तो आवाज थांबला.

‘मघाशी मी जे म्हटलं काकी,’ तो म्हणाला, ‘ते ह्यासाठी नव्हतं. मला माहीत नव्हतं ना. ते परत घेत नाही. पण ह्याच्यासाठी म्हटलं असंही समजू नका.’

‘न्हाई समजत.’

तो उठला, दुधाला हात न लावता चपला घालून गेला. वाकून पाया पडायचं मात्र विसरला नाही, आणि त्यानंच मला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. मग येईचना. प्यारीबाई दुकान उघडताना फोन गल्ल्याजवळ ठेवायच्या, ऊन गल्ल्यापर्यंत आलं की उचलून आत नेऊन ठेवायच्या. संयमनं वर येऊन मला विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं. मी सांगितलं नाही. ते माझं नव्हतं सांगायचं, इतकी अक्कल तेव्हा आली.

साळुबाईला कळलं, तिला कुठून तरी कळतंच. तांदूळ पाखडता पाखडता ती मला म्हणाली, ‘म्हातारीनं इतकी वर्सं झाकून ठेवलं व्हतं ते तुमी एका दुपारी उघडं केलं. तुमाला काय ताई, तुमची दोन्ही पोरं हाताशी हायती.’

मी जिन्यावरून वर गेले. शौर्य अभ्यास करत होता, आरती त्याच्या पाठीवर चढली होती आणि तो तिला हलवत नव्हता. असा आहे म्हणून तर आम्ही त्याला निवडलं होतं.

प्यारीबाई माझ्यावर रागावल्या नाहीत. हेही सोसेना. एकदा मी क्षमा मागायला गेले तर म्हणाल्या, ‘तुमी न्हाई वर धरलं. मी धरलं.’ आणि मला साबुदाणा किती हवा ते विचारलं.

नवरात्र संपल्यावर एक दिवस, कसलाही सणवार नसताना, पिंटूशेठची गाडी दुकानासमोर थांबली. दुपार होती. प्यारीबाई पडवीपुढं उन्हात मिरच्यांची देठं खुडत होत्या, साळुबाई शेजारी. मी वर गॅलरीत कपडे घडी करत होते. मी आत जायला हवं होतं. गेले नाही.

तो त्यांच्यासमोर पोत्यावरच बसला. मग स्वतःही देठं खुडायला लागला. साळुबाई म्हणाली, ‘शेठ, डोळ्याला हात लावू नका आता.’ तो बरं म्हणाला.

मग त्यानं विचारलं, ‘पान ओढलं तेव्हा मी कुठं होतो?’

प्यारीबाईंचा हात थांबला. त्यांना बहुधा वाटलं होतं तो का विचारील. त्याचं उत्तर त्यांनी मनात इतकी वर्षं घोळवलं होतं. हे विचारील असं वाटलं नव्हतं. पण याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं.

‘फुटाण्याच्या पोत्यापाशी. दोन्ही खिसं भरून घेतले व्हते. गाडीत खायला म्हनून.’

‘म्हणजे जायचं मला माहीत होतं?’

‘गाडीत बसायचं म्हाईत व्हतं. ऱ्हायाचं न्हाई.’

‘रडलो?’

‘न्हाई. मागच्या काचेतून हात हलवत गेलास. घाटाच्या वळणापत्तोर दिसत व्हतास.’

तो पुन्हा देठं खुडायला लागला. मला वाटलं, झालं, आता उठेल. त्यानं विचारलं, कपडे कोणते होते अंगात. त्यांनी सांगितलं, निळी चड्डी आणि धरमचंदशेठच्या जुन्या शर्टातून शिवलेला सदरा. त्यानं विचारलं, त्याआधी मी कसा होतो. बोलायला कधी लागलो, कुठं झोपायचो. पुण्याच्या आईला हे माहीत नव्हतं, आणि काकी झालेल्या बाईनं हे आपणहून सांगायचं नसतं. प्यारीबाई आधी एकेक शब्द बोलत होत्या. मग त्यांच्या आवाजाला लय आली. तो वजनकाट्याच्या पारड्यात बसायचा, उठवलं की माप मारलं म्हणून ओरडायचा, हे सांगताना त्या हसल्याही, आणि मग हसल्याचं लक्षात येऊन गप्प झाल्या.

‘सांगा की,’ तो म्हणाला.

क्षमा केली असं तो बोलला नाही. त्यांनीही पुन्हा मागितली नाही. ऊन उतरलं तशी त्यांनी दिवस मावळायच्या आत जेवून जा म्हटलं, त्यांच्यात नंतर जेवत नाहीत. तो जेवायला आत गेला. साळुबाईनं मिरच्या गोळा करताना एकदा वर गॅलरीकडे पाहिलं.

आतून अजून त्याचे प्रश्न ऐकू येत होते. मी घड्या घेऊन खोलीत आले. शौर्य शाळेतून आला होता. मी त्याला जवळ बसवलं आणि विचारलं, तुला मामाकडे राहायला जायचं आहे का.

त्यानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, कोणतं उत्तर मला हवं आहे ते बघायला.