मंजुरीच्या अधीन

अधिकार दुसऱ्याकडे कसे सोपवावेत यावर इतकं वाचलेला आणि जन्मात कुणाकडे काहीही न सोपवलेला माणूस, आमच्या ट्रॉयमधल्या शेजारच्या काकांखेरीज उभ्या मिशिगनमध्ये सापडायचा नाही. गाड्यांच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर लोक अंगणात टोमॅटो लावतात. काकांनी इंग्रजी अमदानीतली दफ्तरं वाचायला घेतली. विषय एकच : कारकुनाची नेमणूक करायची कुणी? गव्हर्नरनं तो अधिकार कमिशनरला दिला, कमिशनरनं कलेक्टरला, आणि प्रत्येक पायरीवर ‘वरच्यांच्या मंजुरीच्या अधीन’ अशी शेपटी जोडली. काकांच्या पणजोबांची मामलेदारी त्या शेपटीतच अडकली आणि मंजुरीची वाट पाहत ते कारकून म्हणूनच निवृत्त झाले. “साहेब अधिकार खाली देतो, पण दोरी हातात ठेवतो,” असं काका इतक्या तावातावानं सांगत, की तो साहेब कालच त्यांच्या दारावरून गेला असावा.

आणि स्वतः? मंडळाच्या गणपतीत स्वयंसेवक नेमायचं काम त्यांनी मला दिलं, तेही लेखी. मी यादी केली. पंगत बसली, तरी वाढपी हात बांधून उभे, कारण यादीवर काकांची सही व्हायची होती. शोधलं तर काका बाहेर पार्किंगमध्ये हातवारे करून गाड्या लावताहेत. तिथे नेमलेला माणूस त्यांच्या मनास येईना. “काका यार, मोदकाला पण अप्रूव्हल?” कुणीतरी वैतागलं. “सिस्टीम आहे. फॉलो करायची,” म्हणत त्यांनी खिशातून पेन काढलं.

मग ते विसरू लागले. आधी किल्ल्या, मग घराचा रस्ता. डॉक्टर म्हणाले, भान आहे तोवर तुमचे निर्णय कोण घेणार याचा कागद करा, नाहीतर उद्या कोर्ट कुणातरी परक्याला नेमेल. काकू केव्हाच गेलेल्या. एकुलती एक मुलगी केतकी कॅलिफोर्नियाहून धावत आली. काकांनी तिला सगळे अधिकार दिले, बारा अटींवर. बारावी अट अशी, की तिचा प्रत्येक निर्णय काकांच्या मंजुरीच्या अधीन राहील.

“बाबा, तेव्हा यू वोन्ट बी एबल टू! दॅट्स द होल पॉइंट,” केतकी म्हणाली आणि रडायलाच लागली.

काका हटले नाहीत. कागद सहीविनाच राहिला आणि ती परत गेली. हिवाळा लागला, त्यांचं विसरणं वाढलं, आणि मी रोज धास्तावून ‘कागदाचं काय ठरलं?’ विचारत राहिलो. एकदा म्हणाले, “पोरीवर विश्वास आहे रे. पण सगळंच देऊन टाकलं की मी कोण उरतो?” नंतर एका सकाळी तो कागद घेऊन, बर्फ तुडवत, घरातल्या सपाता घालूनच ते माझ्या दारात आले. माझ्या टेबलाशी बसून त्यांनी बाराव्या अटीवर काट मारली, वकिलाकडे जायला कोट मागितला. साक्षीदार म्हणून मी सही केली.

आता ते इथल्याच एका वृद्धाश्रमात असतात. केतकीला कुणाला काही विचारायची गरज नाही, तरी ती विचारते. खोली बदलायची, औषध थांबवायचं, घर विकायचं, दर वेळी व्हिडिओ कॉल लावते आणि मी फोन धरून बसतो. “बाबा, इज दॅट ओके?”

काका गोड हसतात. “तू ठरव,” म्हणतात.

फार वाईट वाटतं. एकदा तरी त्यांनी नाही म्हणावं, म्हणून मी फोन जरा जास्तच वेळ धरून ठेवतो.