वहिनीने गाळलेली हवा

काल सकाळी वहिनीने पंख्याचा फिल्टर काढून अंगणात उन्हाला धरला आणि मी बघतच राहिले. महिन्यापूर्वी दुधासारखा पांढरा असलेला तो कागद काजळीसारखा काळा झाला होता.

आमचं गाव कोळशाच्या खाणीजवळ. खिडक्या लावल्या तरी धूळ घरात येतेच. वहिनीला दमा, हिवाळ्यात ती भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायची. यंदा तिनेच खटपट केली. घरातल्या जुन्या टेबलफॅनच्या मागच्या जाळीवर बाजारातून आणलेला फिल्टर बसवला आणि कडेच्या फटी पुठ्ठ्याने, चिकटपट्टीने बुजवल्या. दादा तेव्हा हसला होता, "पंख्याला गोधडी कशाला पांघरतेस गं?"

तोच दादा काल त्या काळ्या कागदावरून बोट फिरवून बघू लागला. मग हळूच म्हणाला, "हे सगळं तुझ्या छातीत जात होतं?"

"माझ्या एकटीच्या? तुमच्याही!" वहिनी म्हणाली.

आपण पाणी गाळतो, पीठ चाळतो, तांदूळ निवडतो. श्वास मात्र येईल तसा घेतो, कारण त्यातलं काही डोळ्यांना दिसत नाही. वहिनीने ते दाखवलं. गावावरचं आकाश तिला धुता येणार नव्हतं, पण एक खोली तिने स्वच्छ करून घेतली.

दुपारी शेजारच्या दोघीजणी आपापले पंखे घेऊन शिकायला आल्या. "ही आमच्या वहिनीची करामत," असं मी त्यांना कारण नसताना दोनदा सांगितलं. त्यावर वहिनी खळखळून हसली. आता खोकल्याची उबळ येणार म्हणून मी सवयीने पाण्याचा पेला उचलला. ती हसतच राहिली.