देवाच्या शिवराया आणि हवाबंद डबा

माझी आत्या गोजाबाई सोलापूरच्या कडेला, विजापूर रोडपासून आत, पत्र्याच्या दोन खोल्यांत राहते. दारात शेळ्या आहेत. लग्नानंतरची अर्धी हयात तिने मेंढरांमागे हिंडून काढली, एक लेकरू रानातच जन्माला घातलं. अशा बाईला यंदाच्या दसऱ्याला भरल्या घरात ऐकवलं गेलं, की तुझ्या हातानं देव नासला.

देव म्हणजे मूठभर शिवराया, तांब्याची जुनी नाणी. आत्याच्या सासरी ती कुलदैवत बिरोबाचीच मानतात. थोरल्या घराने ती सांभाळायची, दसऱ्याआधी चिंच आणि मीठ लावून लख्ख घासायची आणि भंडाऱ्यात, म्हणजे देवाच्या हळदीत, पुरून ठेवायची. दसऱ्याला वेळापूरला भावकी जमते, तेव्हा ती एकेकाच्या कपाळाला लावतात. थोरलं घर आत्याच्या नवऱ्याचं, शहाजीमामांचं. मामा दोन वर्षांपूर्वी गेले. ते होते तेव्हाही नाणी आत्याच घासायची. तेव्हा तिच्या हातात कुणाला खोट दिसली नव्हती.

यंदा नाणी बाहेर काढली तर त्यांच्यावर फिकट हिरवी भुकटी. बोट लावलं की गळत होती, आणि खाली तांब्याला खड्डे. धाकटे दीर धनाजीमामा सगळ्यांसमोर म्हणाले, "मोकळ्या कपाळाच्या बाईकडं देव ठिवला, आन् काय हुनार?" नाणी त्यांनी तिथंच स्वतःकडे घेतली. आत्या एसटीने एकटी परत आली.

मला हे कळलं आठवड्याने, शेळ्यांना पाला टाकता टाकता.

"आणि तू गप्प बसलीस?"

"मला वाटलं, आसंल बी," ती म्हणाली.

धनाजीमामांच्या बोलण्यापेक्षा या चार शब्दांनी माझं डोकं जास्त फिरलं. धातूशास्त्रात मी डिप्लोमा केलाय. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माझं कामच हे, की सुटे भाग मिठाचं धुकं भरलेल्या पेटीत ठेवायचे आणि किती लवकर सडतात ते बघायचं. आमच्या त्या पेटीत रोज तांबं-पितळ हिरवं होतं. त्यातला एकही तुकडा कुणाचं कपाळ बघून हिरवा झालेला नाही.

"नाणी आणि भंडारा कशात ठेवायचीस?"

"आदी कापडी पिशवी हुती की. चुलीपाशी खुंटीला. मग तुजं मामा गेल्यावर धनाजी भावजींनी डबा आनून दिला. प्लास्टिकचा, घट्ट झाकनाचा. देवाला धूळ लागाय नगं म्हनाले."

"घासल्यावर नीट वाळवलीस?"

"पुसली की पदरानं."

एवढं पुरे होतं. जुन्या तांब्यावर जो काळपट-तपकिरी थर चढतो ती घाण नव्हे, ते नाण्याचं कातडं. चिंचेचं आंबट ते सोलून काढतं. मग मीठ उघड्या तांब्यात शिरतं आणि बारीक छिद्रांत बसून राहतं. ओल मिळाली की ते तांबं खायला लागतं. त्यातून आम्ल तयार होतं, ते पुढचं तांबं खातं, आणि हे थांबत नाही. चुलीच्या उबेला पिशवी कोरडी राहायची, म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांचं मीठ आत निजून होतं. डब्यात ओल कोंडली आणि ते जागं झालं.

"म्हंजे चिंच-मीठ लावलं ती चूक माजीच की," आत्या म्हणाली.

"तुझी सासू काय लावायची?"

"त्येच."

"आणि तिची सासू?"

ती हसली. दसऱ्यानंतर पहिल्यांदा.

पुढच्या रविवारी आम्ही वेळापूरला गेलो. नाणी दाखवा म्हटल्यावर धनाजीमामांनी आढेवेढे घेतले. शेवटी कपाटातून तोच डबा आणला. झाकण काढलं. दसऱ्याला भुकटीचे नुसते ठिपके होते, आता नाण्यावरची अक्षरंही भुकटीखाली गेली होती.

"हे कसं झालं, मामा?"

"हवा," ते म्हणाले. "यंदा लई दमट हाय."

आत्याने पदर खोचला. "माज्या घरात हवा न्हवती व्हय, भावजी? का ती निस्ती तुमच्याच घरात येती?"

मामा छताकडे बघायला लागले. मी डबा, मीठ, ओल सगळं समजावलं. भुकटी मऊ ब्रशने काढायची. नाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून पाणी बदलत राहायचं, मीठ सुटेपर्यंत. मग पूर्ण वाळवून वर मेणाचा पातळ हात. चिंच, लिंबू, पितांबरी पुन्हा कधी नाही. लख्ख करायचं नाही, कोरडं ठेवायचं. त्यांना पटलं. जरा जास्तच लवकर पटलं.

"मग न्या की वैनी परत. पोरगी शिकल्याली हाय. शास्त्रच म्हनतंय तुमची चूक न्हाय."

आत्या डब्याला शिवलीसुद्धा नाही. "आन् नंदी शिकली नसती तर? तर माजाच हात वंगाळ ठरला आसता न्हवं? मला शास्त्रानं सोडवाय नगं. बोलला तुमी. जेवढ्या मान्सांत बोलला तेवढ्यांना सांगा."

"दसऱ्याला सांगतो."

"फोन हाय की हातात."

चहा आला, तिने घेतला नाही. उंबऱ्यावर बसून राहिली. शेवटी मामांनी स्पीकर लावून पहिल्या घरी फोन केला. "त्ये नाण्याचं... हवेमुळं झालं म्हनं."

"हवा न्हाय," आत्या उंबऱ्यावरून म्हणाली. "डबा म्हना. आन् डबा कुनी आनला त्ये बी."

त्यांनी सांगितलं. पडलेल्या आवाजात, पण सांगितलं. 'मोकळं कपाळ' हे शब्द मात्र त्यांनी एकाही फोनवर परत घेतले नाहीत. मी तसं बोलून दाखवल्यावर म्हणाले, "आता किती तानतीस, पोरी?"

तिसऱ्या फोनवर मायाक्का होत्या, आत्याच्या चुलत जाऊबाई. त्यांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालीत, तेव्हापासून दसऱ्याला त्या चुलीपाशीच असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग मी बी नान्याला हात लावला तर चालतंय का, भावजी?"

मामा माझ्याकडे बघू लागले, जणू याचंही उत्तर मीच द्यायचं होतं. आत्या उठली, त्यांच्या हातातून फोन घेतला आणि डबा काखेत मारला.

"सोलापूरला ये," ती म्हणाली. "पानी बदलायला मला मानूस लागनारच हाय."